हरलो, असं कधी म्हणायचं?

साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातलं जुनं गाव. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव येतं ते एका लढाईपुरतं. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादेहून चालून आलेला मुबारिझखान यांची इथं गाठ पडली, मुबारिझखान मारला गेला आणि दख्खनमध्ये आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. निजामानं गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांतही ते सापडतं, लोकांनी मात्र ते टिकू दिलं नाही. पण लढाईपेक्षा तिच्यानंतरचा कारभार जास्त बोलका आहे. मुबारिझखानाला दख्खनची सुभेदारी देऊन निजामाच्या अंगावर सोडलं होतं ते दिल्ली दरबारानंच. निकाल लागल्यावर त्याच दरबारानं निजामाला सुभेदार म्हणून मान्यता दिली आणि वर आसफजाह हा किताबही दिला. रणांगणावर हे खपून जातं, कारण बरोबर कोण होतं असं तिथं कुणी विचारतच नाही. याच गावात त्या लढाईहून जवळजवळ दीडशे वर्षं जुनी अशी एक खूण आहे, आणि ती ज्या पंथाच्या माणसानं उभी केली त्या पंथाची पहिली शंभर वर्षं मात्र ‘बरोबर कोण’ या एकाच प्रश्नावर वाद घालण्यात गेली.

ती खूण म्हणजे १५८१ च्या सुमाराची मशीद. बांधणारा खुदावंदखान महदवी, अहमदनगरच्या निजामशाहीतला वऱ्हाडातला सरदार. त्यानंच लगोलग आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडलाही मशीद बांधली. त्याच्या नावामागचं ‘महदवी’ हे पंथाचं नाव. जौनपूरचे सय्यद महंमद (जन्म १४४३) यांनी पंधराव्या शतकाच्या शेवटी, आधी मक्केत आणि मग गुजरातेत, आपणच महदी असल्याचं जाहीर केलं. अखेरच्या काळात अवतरणारा मार्गदर्शक म्हणून मुसलमान ज्याची वाट पाहतात, तो हा महदी. सय्यद महंमद दख्खनमध्येही येऊन गेले होते. १५०५ मध्ये आजच्या अफगाणिस्तानातल्या फराह इथं ते वारले. त्यांचे अनुयायी दायरा नावाच्या वस्त्यांमध्ये एकत्र राहत, मिळेल ते सारखं वाटून घेत, उद्याची तरतूद करत नसत. राजदरबारच्या उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, ही मंडळी डोईजड झाली यात नवल नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की इथं श्रद्धाळू आणि संशयी दोघंही एकाच धर्माचे, एकच ग्रंथ मानणारे. म्हणजे वाद सुटायला याहून सोयीची परिस्थिती सापडायची नाही. तरी तो सुटला नाही. का सुटला नाही हे नीट पाहिलं, तर पुढच्या चारशे वर्षांत महाराष्ट्रात श्रद्धावान आणि शंकेखोर यांच्यात झालेले बरेच वाद कशावर अडले तेही कळतं.

संशय घेणाऱ्यांचे सर्वांत तगडे वकील होते अली मुत्तकी. हे बुऱ्हाणपूरचे, म्हणजे वऱ्हाडाच्या शेजारचेच, आणि हदिसींच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, ‘कन्झ-उल-उम्माल’ या प्रचंड संग्रहाचे संकलक. पुढं ते मक्केत स्थायिक झाले. त्यांची पद्धत सरळ होती. महदी कसा ओळखायचा याच्या खुणा हदिसींमध्ये सांगितल्या आहेत. त्या सगळ्या गोळा करायच्या आणि जौनपूरच्या सय्यदांना एकेक करून लावून पाहायच्या. खुणा जुळत नाहीत, सबब दावा खोटा. महदवींकडून अब्दुल मलिक सजावंदी यांनी ‘सिराज-उल-अबसार’ हा ग्रंथ अरबीत लिहून उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की या खुणांच्या हदिसी एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळं सगळ्या एकाच माणसात सापडणं शक्यच नाही. मग पाहायचं ते माणसाचं वागणं, त्याची निरिच्छता, पैगंबरांच्या शीलाशी असलेलं साम्य. दोन्ही युक्तिवाद पोकळ नाहीत. मुत्तकी विचारतात ते रास्त आहे: खुणा सोडल्या तर उद्या कुणीही साधुवृत्तीचा माणूस उठेल आणि हाच दावा करील, त्याला अडवणार कशानं? सजावंदी म्हणतात तेही रास्त आहे: एकमेकींना छेद देणाऱ्या खुणांची यादी पुढं ठेवणं म्हणजे कुणीच पास होणार नाही अशी परीक्षा घेणं. पण या दोघांनी, किंवा त्यांच्या बाजूच्या कुणीही, वादाला बसण्यापूर्वी ठरवायची गोष्ट ठरवलीच नाही. पुरावा म्हणून काय धरायचं, खुणा की शील? एक पक्ष खुणांच्या मापानं मोजत राहिला, दुसरा शीलाच्या. आपापल्या मापानं दोघंही जिंकत राहिले.

मुत्तकींनी आणखी एक केलं. मक्केतल्या चारही सुन्नी मजहबांच्या मुफ्तींकडून त्यांनी महदवींविरुद्ध फतवे मिळवले. फतवा हे उत्तर असतं, आणि उत्तर प्रश्नाबाहेर जाऊ शकत नाही. महदवी काय म्हणतात हे मुफ्तींपुढं मांडलं गेलं ते त्यांच्या विरोधकानं घातलेल्या प्रश्नातून. प्रश्न अगदी प्रामाणिकपणे घातला असेल असं धरून चाललं, तरी ज्याच्याविषयी निकाल लागला तो निकालाच्या वेळी तिथं नव्हता. न्यायालयात आपण याला एकतर्फी म्हणतो. शास्त्राच्या वादात मात्र असा निकाल शतकानुशतकं दाखल्यासारखा फिरत राहतो.

समोरासमोर बसल्यावर तरी काय होत होतं? याचं उत्तम चित्र अकबराच्या दरबारातल्या बदायुनी या इतिहासकारानं काढून ठेवलंय. दिल्लीचा बादशहा इस्लामशहा सूर याच्या काळात बयान्याचा शेख अलाई हा तरुण महदवी पुढारी आग्र्याला बोलावला गेला. दरबारचे उलेमा जमले. मुल्ला जलाल नावाच्या पंडितानं महदीच्या कपाळाचं वर्णन असलेली हदीस वाचली आणि अरबी शब्द चुकवला. अलाई हसला, भर दरबारात चूक दुरुस्त केली आणि एवढा मोठा विद्वान म्हणवतोस आणि अरबी नीट वाचता येत नाही, अशा अर्थाचं बोलला. मुल्ला गप्प झाला. पुढं बादशहानं अलाईला हळूच सुचवलं की हे मत सोडल्याचं माझ्या कानात सांग, तुला सगळ्या मुलखाचा मुहतसिब, म्हणजे लोकांच्या आचारावर देखरेख करणारा अधिकारी, करतो. अलाईनं नकार दिला. त्याला दख्खनच्या सीमेवर हंडियाला धाडलं, तर तिथला सुभेदारच त्याच्या नादी लागला. शेवटी १५५० मध्ये, मखदूम-उल-मुल्क या दरबारी धर्माधिकाऱ्याच्या आग्रहावरून, आजारी अलाईला फटके मारण्यात आले आणि तिसऱ्या फटक्याला त्याचा जीव गेला. बदायुनी त्या वेळी लहान होता, त्यानं हे मागाहून ऐकून लिहिलंय, आणि अलाईविषयीची त्याची माया लपत नाही. तरीही त्यानं अलाईच्या बाजूचं न शोभणारं वागणंही लिहून ठेवलंय: त्याचे लोक हत्यारं बाळगून बाजारात हिंडत आणि धर्माला सोडून काही दिसलं की ते जबरदस्तीनं बंद पाडत.

या प्रसंगाकडे आपण सहज सत्तेच्या जुलमाची गोष्ट म्हणून पाहतो. ती आहेच. पण वादाच्या दृष्टीनं पाहिलं तर अन्याय फटक्यांच्या कितीतरी आधी झाला होता. न्यायाधीश बादशहा, म्हणजे ज्याच्या राज्याला या पंथाची धास्ती. सल्लागार मखदूम-उल-मुल्क, ज्याचं पदच या वादात पणाला लागलेलं. अलाई जिंकला असता तर तो निकाल ऐकवणार कोण होतं? आणि अलाईनं शब्दाची चूक पकडली तेव्हा नेमकं काय सिद्ध झालं? मुल्ला जलालचं अरबी कच्चं आहे, इतकंच. सय्यद महंमद महदी होते की नव्हते यावर त्या दुरुस्तीचा काडीचाही परिणाम होत नाही. तरी अलाईची विद्वत्ता सांगणारे हा प्रसंग विजय म्हणूनच सांगणार. समोरच्याचं व्याकरण पकडून बाजी मारण्याची ही खोड श्रद्धावान आणि बुद्धिवादी या दोन्ही घराण्यांत आजही मुरलेली आहे.

महदवींना एका गोष्टीचं श्रेय दिलं पाहिजे. नोंद आपल्या हाती ठेवायची, हे त्यांनी लवकर ओळखलं. अकबरानं गुजरात जिंकल्यावर मियाँ मुस्तफा या महदवी विद्वानाला पकडून दरबारात नेलं आणि उलेमांशी त्याचे वाद झाले. त्या बैठकांचा वृत्तांत मुस्तफांनी स्वतः लिहून ठेवला. तो ‘मजालिस’ या नावानं ओळखला जातो. अर्थात त्यातही लिहिणारा एका पक्षाचाच. पण निदान एवढं झालं की हरलेल्यांचं म्हणणं जिंकलेल्यांच्या तोंडून ऐकण्याची पाळी आली नाही. आपल्याकडे चार्वाकांच्या वाट्याला नेमकं तेच आलं. वेद नाकारणाऱ्या त्या परंपरेविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतेक तिचं खंडन करणाऱ्यांच्या ग्रंथांतून. नोंदी दोन्ही बाजूंच्या असल्या की काय फरक पडतो याचं उदाहरणही अकबराच्याच दरबारात सापडतं. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला गेले. आपापला धर्मग्रंथ घेऊन आगीत शिरा, ज्याचा खरा तो वाचेल, असं आव्हान त्यांच्यापुढं आलं. त्यांनी नकार दिला. पाद्री मोन्सेरातच्या लिखाणातही हे आहे आणि ख्रिस्ती लोकांशी काडीचं सख्य नसलेल्या बदायुनीच्याही. का नकार दिला याची कारणं दोघं वेगवेगळी सांगतात. नकार दिला याबद्दल दुमत नाही. दोन विरोधक न ठरवता ज्यावर एकमत होतात, तेवढाच भाग इतिहासकाराला निर्धास्त उचलता येतो.

आता वऱ्हाडाकडे परत येऊ, कारण इथं गोष्टीला जे वळण लागतं ते महदवींच्या कैवाऱ्यांना फारसं आवडणारं नाही. १५८९ मध्ये जमालखान या महदवी सरदाराच्या हाती अहमदनगरची सत्ता आली. लहानग्या इस्माईलला गादीवर बसवून त्यानं राज्यात महदवी मताची स्थापना केली. त्या धामधुमीत परदेशी आणि शिया मंडळींची कत्तल झाली. ज्यांना शहर सोडून जावं लागलं त्यांत इतिहासकार फरिश्ताही होता. पुढं १५९१ मध्ये इस्माईलचा बाप बुऱ्हाण निजामशहा यानं खानदेशच्या राजे अलीखानाच्या मदतीनं जमालखानाला गाठलं ते रोहिणखेडला, खुदावंदखानानं मशीद बांधली त्याच गावाजवळ. जमालखान पडला, आणि बुऱ्हाणनं महदवींना हुसकून पुन्हा शिया मत आणलं. चाळीस वर्षांपूर्वी फटके खाणारा पंथ सत्तेवर आला तेव्हा त्यानंही वादाची बैठक बोलावली नाही. ही हकीगत आपण वाचतो ती पुन्हा फरिश्ताच्या लेखणीतून, म्हणजे ज्याला पळावं लागलं त्याच्या. तेव्हा रंग थोडा गडद लागला असेल हे धरूनच वाचायचं. पण एवढ्यावरून एक जुना समज तरी सोडायला हरकत नाही: सोसलेल्या पक्षाला न्यायबुद्धी आपोआप येते हा.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हे सगळं माहीत नव्हतं असं नाही. न्यायसूत्रांनी तत्त्व जाणण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडणारी वितंडा असे तीन प्रकार वेगळे काढले, आणि कुठं हार झाली असं समजायचं याची बावीस ठिकाणं नोंदवली. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्याला सांगितलंय की वादाला उतरण्याआधी परिषद कशी आहे ते पाहा: जाणती की अजाण, आपल्याकडची, तटस्थ की विरोधी. सल्ला शहाणपणाचा आहे. पण तोच ग्रंथ पुढं समोरच्याला चीत करण्याच्या युक्त्याही शिकवतो. पाठांतर कमी असलेल्या प्रतिपक्षापुढं लांबलचक सूत्रं म्हणावीत, ही त्यातलीच एक. आयुर्वेदाच्या पायाभूत ग्रंथात हे यावं हे खटकतं, आणि खटकायलाच हवं; प्राचीन वादपरंपरेचे गोडवे गाताना आपण हा भाग बहुधा वगळतो. मुद्दा असा की वाद न्याय्य कसा करायचा याचं ज्ञान आपल्याकडे होतं, तसंच तो अन्याय्य कसा करायचा याचंही. कुठलं वापरायचं हे वादाआधी ठरायचं.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापखाना रुळला आणि नोंदीचा प्रश्न थोडा सुटला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू घेणारे मोरभट दांडेकर यांचा १८३१ मध्ये जाहीर वाद झाला. मोरभटांनी आपली बाजू पुस्तिकेतून मांडली, आणि १८३२ मध्ये विल्सननं तिचं खंडन छापलं ते मोरभटांच्या पुस्तिकेचं भाषांतर सुरुवातीला जोडून. विल्सनचा सूर उद्दाम आहे, त्याच्या पाठीशी राज्यकर्त्यांचा धर्म आहे, हे खरंच. तरी विरोधकाचं म्हणणं संपूर्ण छापून मग त्यावर तुटून पडणं ही गोष्ट त्याच्या पक्षाच्या सगळ्यांनी पाळली असती तर बरं झालं असतं. पुढं १८५७ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत हिंदू धर्माचे कैवारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी संध्याकाळी वाद झाले. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेननं त्यांचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी काढला. ‘समुद्रकिनारीं वादविवाद’ हे मराठी पुस्तक १८७२ मध्ये आलं. वाद एक, वृत्तांत दोन. आपली बाजू कुठं लंगडी पडली हे दोन्ही पुस्तकं कबूल करत नाहीत, कारण लंगडी पडली हे कशावरून ओळखायचं तेच किनाऱ्यावर कुणी ठरवलं नव्हतं. नोंदीचा दोष छापखान्यानं दूर केला. मुत्तकी आणि सजावंदी ज्यावर अडले होते ते मात्र तिथंच राहिलं.

ते पहिल्यांदा धड सुटलेलं दिसतं ते अगदी अलीकडे, पुण्यात. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी जाहीर केली. कुंडलीवरून बुद्धिमत्ता सांगता येते, असा ज्योतिषांचाच दावा, तो घेतला. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या मांडल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि कुठली कुणाची याची यादी कुलूपबंद ठेवली. भाग घेणाऱ्या ज्योतिषाला त्यातल्या ४० कुंडल्या पाठवायच्या, त्यानं प्रत्येकीबद्दल हुशार की मतिमंद एवढंच कळवायचं. ५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. एकूण बरोबर उत्तरं ४६ टक्के. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४. नाणं उडवून उत्तरं देणाऱ्या २७ माणसांत एखाद्याला इतके गुण सहज मिळतात. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या, त्यातल्या १०२ बरोबर आल्या. हे सगळं २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. इथं परीक्षक कुणाच्या बाजूचा होता याला महत्त्वच उरलं नाही. दाभोलकरांचं ज्योतिषाबद्दलचं मत जगजाहीर होतं, पण उत्तरपत्रिका तपासताना ते मत शिरायला जागाच ठेवलेली नव्हती. काय झालं तर दावा टिकला आणि काय झालं तर पडला, हे लिफाफे फुटण्याआधी ठरलेलं होतं.

यावर ज्योतिषांच्या बाजूनं जो आक्षेप येतो तो झटकून टाकण्यासारखा नाही. नियम केले कुणी? अविश्वास असणाऱ्यांनी. कसलेला ज्योतिषी नुसत्या कुंडलीवर बोलत नाही, समोर माणूस लागतो, प्रश्नकर्त्याची वेळ लागते. हुशार किंवा मतिमंद अशा दोनच पेट्यांत जीवन कोंबता येत नाही. यातला पहिला भाग खरा आहे, आणि म्हणूनच पुढच्या कुठल्याही चाचणीत नियम दोघांनी बसून करावेत. पण दुसऱ्या भागाचं काय करायचं? समोर माणूस लागतो असं म्हणणं म्हणजे कुंडलीतून सगळं कळतं हा दावा मागं घेणं. तो मागं घ्यायला कुणाचीच ना नाही. फक्त मग कुंडल्या जुळवून लग्नं मोडू नयेत. दावा मोठा करायचा तो गिऱ्हाईक समोर असताना आणि लहान करायचा तो परीक्षक समोर असताना, हा दोन मापांचा व्यवहार वादात चालू देता येत नाही. नेमकी हीच शिस्त संशयी माणसालाही लागू आहे. त्या चाचणीत पडला तो बुद्धिमत्तेविषयीचा दावा. त्यावरून देव नाही, प्रार्थना व्यर्थ आहे, श्रद्धाळू माणूस बिनडोक आहे असं काही निघत नाही, आणि तसं बोलणारे बुद्धिवादी ज्योतिषाइतकेच पुराव्याच्या पुढं धावतात.

दुसरा आक्षेप बुद्धिवाद्यांच्या गोटातून येतो. खोट्याशी एवढ्या न्यायानं वागायचं कशाला? समान आसन दिलं की खोट्यालाही मान मिळतो. याचं उत्तर अलाईच्या गोष्टीत आहे. त्याला फटके मारून त्याचं मत हरलं नाही. उलट बदायुनीसारख्या बाहेरच्या माणसाच्या मनात ते हळवी जागा करून बसलं. अन्यायानं हरवलेल्या मताला हुतात्म्याचं तेज येतं, मग ते खरं असो वा खोटं. न्यायानं हरवलेल्या मताला ते येत नाही. शिवाय ‘हे खोटं आहे’ हे वादाआधीच इतकं पक्कं असेल तर वाद कशासाठी? पण कधीकधी खरोखरच वाद नको असतो, हेही मान्य करायला हवं. कुणी भोंदूबाबा उपचाराच्या नावाखाली कुणाला चटके देत असेल तिथं परिसंवाद भरवायचा नसतो, पोलिस बोलवायचे असतात. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्या वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. त्या कायद्यात कीर्तन, भजन, प्रवचन, हरिपाठ, यात्रा अशा गोष्टींना हात लावणार नाही असं स्पष्ट कलम आहे. वर्षानुवर्षं चाललेल्या विरोधातून आणि वाटाघाटीतून ते आलं. काहींना ती माघार वाटली. मला ती वादातून निघालेली सर्वांत प्रामाणिक रेघ वाटते: इथपर्यंत फसवणूक, इथून पुढं श्रद्धा, आणि श्रद्धेच्या हद्दीत पोलिसाचं काम नाही.

तिसरा आक्षेप साखरखेर्ड्याच्याच बाजूनं घेता येईल. या गावात पलसिद्ध महास्वामींचा वीरशैव मठ आहे, गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेतले प्रल्हाद महाराज रामदासी इथलेच, जुनी मशीद आहे. महदवी मशिदीच्या जोडीला शैव मठ आणि रामनाम, अशी तीन निराळी सत्यं एका शिवारात नांदतात आणि कुणी कुणाला पुरावा मागत नाही. मग वादाची गरजच काय? शेजारधर्म म्हणून हे न बोलणं अमोल आहे, आणि बहुतेक गावं त्यावरच तगली आहेत. सय्यद महंमद महदी होते का, या प्रश्नावरही आज हेच उत्तर योग्य म्हणावं लागेल. कसोटीच ठरू शकत नाही तिथं कुणीही विजय घोषित करू नये. ज्यांना ते महदी वाटतात त्यांनी तसं मानावं, ज्यांना वाटत नाहीत त्यांनी मानू नये. हैदराबादेत, गुजरातेत, कर्नाटकात महदवी समाज आजही आहे आणि वाद न सुटल्यानं त्यांचं काही अडलेलं नाही. अडतं ते कुणी पैसे घेऊन, आजार बरा करण्याच्या नावानं किंवा दुसऱ्याच्या मुलीचं भवितव्य ठरवण्यासाठी दावा करतो तेव्हा. तिथं गप्प राहणं हा शेजारधर्म होत नाही.

म्हणून पुण्याच्या त्या चाचणीतल्या २७ ज्योतिषांविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी, जी बुद्धिवाद्यांच्या व्याख्यानांत सहसा येत नाही. आव्हान जाहीर झाल्यावर गप्प राहणारे पुष्कळ होते. कुंडल्या मागवून उत्तर न पाठवणारेही चोवीस होते. या सत्तावीस जणांनी आपली विद्या तपासायला दिली, उत्तरं टपालात टाकली आणि निकाल काय लागेल हे त्यांच्या हातात उरलं नाही. चाचणी घेणारेही तितकेच बांधले गेले होते: ४६ च्या जागी ७६ टक्के आले असते, तर तेही त्यांना त्याच नावांनिशी छापावं लागलं असतं, आणि दाभोलकरांना पुढच्या सभेत त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं.